शेवटची दीड मिनिटं

२ सप्टेंबर

ही वही बायकोने आणली. म्हणाली, "पुढचे तीन महिने तुम्ही जे माझ्या डोक्यावर ओतणार आहात, ते आधी यात ओता. उरलंसुरलं मला सांगा." तेव्हा ओततो.

काल करारावर सही झाली. इथल्या शहराच्या वाद्यवृंदाने माझ्याकडून चाळीस मिनिटांची रचना मागितली आहे. या देशात येऊन चोवीस वर्षं झाली. इतकी वर्षं टूथपेस्टच्या जाहिराती केल्या, मुलांच्या नाटकांना संगीत दिलं, दुसऱ्यांच्या चालींना वाद्यांचे कपडे शिवून दिले. आता सत्तावन्नाव्या वर्षी, पाऊणशे वादक वाजवतील अशी माझ्या एकट्याच्या नावाची पहिली रचना. दादाला फोन केला. त्याला अजून वाटतं की मी कुठल्यातरी निवेदकाच्या मागे उभा राहून सिनेमाची गाणी बसवतो. तो म्हणाला, "व्वा! गायिका कोण आहे?"

गायिका नाही म्हटल्यावर जरा हिरमुसला बिचारा.

९ सप्टेंबर

नवी किटली जळाली. बायको बाहेर गेली होती, मी स्वयंपाकघराच्या टेबलावर लिहीत बसलो होतो, किटली चार हातांवर. पाणी आटून बूड काळं पडलं, खोलीभर धूर. बायको आली ती ओरडतच.

"शिट्टी ऐकू नाही आली?"

"वाजलीच नाही."

दुकानात परत घेऊन गेलो. दुकानदाराने माझ्यासमोर पाणी भरलं, शेगडीवर ठेवलं, आणि दोन मिनिटांनी बायकोकडे बघून मान डोलावली. म्हणाला, व्यवस्थित वाजतेय. कसली वाजतेय! पण वाद नको म्हणून दुसरी दिली त्याने. माल खराब निघाला तर सरळ कबूल करायचं नाही, ही दुकानदारी सगळीकडे सारखीच.

२८ सप्टेंबर

रचना अर्धी झाली. घरात मात्र कुरबुरी. बायकोने सांगितलं सहा वाजता तिच्या मैत्रिणीकडे जायचं आहे, मी ऐकलं दहा. सहाला ती साडी नेसून तयार, मी लुंगीवर. "हल्ली तू तोंडातल्या तोंडात बोलतेस," असं मी म्हटलं. ती पदराची पिन काढून खुर्चीत बसली. मग म्हणाली, "एकदा कान दाखवून येऊ या का?"

काम करणाऱ्या माणसाचं लक्ष कामात असतं. एवढंच. ते आजारपण नाही.

लेकीचाही फोन होता. तिचं बोलणंही अलीकडे फार पुटपुटल्यासारखं झालंय. नोकरीचा ताण असेल.

१७ ऑक्टोबर

शेवट सापडला!

सगळी वाद्यं एकेक करून वर चढत जातात आणि थांबतात. आधी पितळी वाद्यं, मग व्हायोलिनं, मग मोठी बासरी. सरतेशेवटी उरते फक्त छोटी बासरी, वीतभर लांबीची, वाद्यवृंदातला सगळ्यात उंच आवाज. शेवटची दीड मिनिटं ती एकटी. जिना चढत चढत गच्चीवर यावं आणि वर नुसतं आकाश असावं, तसं.

हे मला कागदावर लिहितानाच स्वच्छ ऐकू येत होतं. पियानोवर वाजवून बघायचीही गरज पडली नाही.

५ नोव्हेंबर

पहिली तालीम. वाद्यवृंदाची संचालिका हातात काठी घेऊन उभी राहिली की आणखी वीतभर उंच होते. फार नेमकं काम करते ती. पहिली पस्तीस मिनिटं माझे पाय जमिनीवर नव्हते.

आणि मग शेवट. छोटी बासरी वाजवणारी बाई पस्तिशीची असेल, ती पण माझ्यासारखी परदेशी, मात्र दुसऱ्याच मुलखातली. वर्षभराच्या करारावर आहे, कायम व्हायची आहे. बारीक अंगाची, म्हणून मी मनातल्या मनात तिचं नाव चिमणी ठेवलं. तिने बासरी ओठांना लावली. बोटं हलली. पण सूर? वाऱ्याची झुळूक आली तर आली. पंधराव्या रांगेत बसलो होतो मी.

"पोचत नाहीये," मी ओरडलो.

ती गोंधळली. "मी वाजवतेय, सर."

"तुमच्यापुरतं वाजवताय. मला हवंय सभागृहापुरतं."

काही वादकांनी एकमेकांकडे पाहिलं. तिने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

७ नोव्हेंबर

दुसरी तालीम. आज तर काहीच नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि सूर शून्य. माझा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणालो, "बाई, श्वास घरी ठेवून आलात का?"

कोणी हसलं नाही.

संचालिका खाली उतरून माझ्याजवळ आली. "तुम्ही एकदा पुढच्या रांगेत बसून ऐकता का? माझ्या शेजारी उभे राहा हवं तर."

मी म्हटलं, "लोक काय सगळे पुढच्या रांगेत बसणार आहेत?" ती मंचावर परतली. हे लोक आपल्या माणसाला पाठीशी घालतात, तसं असेल. पण ही तर त्यांचीही नाही. असो.

१० नोव्हेंबर

व्यवस्थापनाला पत्र दिलं. छोटं, मुद्द्याचं. या वादक बाईंचा वरचा सूर सभागृहात पोचत नाही, माझ्या रचनेसाठी दुसरं कोणी मिळावं. त्यांनी विचारलं, "हे त्यांच्या फाइलला लावलं तर चालेल ना? येत्या सव्वीस तारखेला त्यांना कायम करण्याबद्दल बैठक आहे." मी म्हटलं, "लावा की. जे आहे ते आहे."

इथे नवा होतो तेव्हा एका नाटकवाल्याने माझ्या तालाच्या कल्पनेवरून चारचौघांत टिंगल केली होती. तेव्हा ठरवलं होतं, असं कुणाला कधी बोलायचं नाही. पण ती टिंगल होती आणि हे काम आहे. यात फरक आहे.

फरक आहेच.

१४ नोव्हेंबर

चिमणीला या कार्यक्रमातून काढलं. बाहेर पडताना ती जिन्यात भेटली. नजर टाळावी असं मला वाटत होतं, तर तीच थांबली. "सर, बासरी तपासायला टाकतेय दुकानात. तिच्यातच काही बिघाड असेल." मी म्हटलं, "हो, बघा तपासून." आणि भराभरा उतरलो.

तिच्या खालच्या ओठावर चीर होती. फार सराव केला की होते तशी.

२३ नोव्हेंबर

जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

बदली वादक आला. निवृत्त गृहस्थ, धिप्पाड, छाती पिंपासारखी. मी खूश होतो. आज पहिल्यांदा त्याने शेवट घेतला. सगळी वाद्यं चढत गेली, थांबली, त्याने बासरी ओठांना लावली, गाल आत घेतले, बोटं पळायला लागली.

काही नाही.

मी तोंड उघडलं, 'पोचत नाही' म्हणायला. आणि माझं लक्ष चेलोवाल्यांकडे गेलं. चौघंही मान वळवून ऐकत होते. त्यातल्या एकीने डोळे मिटले होते. मागे झाडणारी बाई झाडू धरून उभी राहिली होती. अख्खं सभागृह काहीतरी ऐकत होतं आणि मी एका बंद खिडकीपाशी उभा होतो.

वाजवणं संपलं. संचालिकेने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं.

"छान," मी म्हणालो.

मग प्रसाधनगृहात जाऊन दार लावलं. मनगटावरच्या घड्याळाचा गजर चालू केला. उजव्या कानाला लावला, डाव्या कानाला लावला. काच थरथरतेय असं बोटाला कळत होतं. इतक्यात बाहेरून झाडणाऱ्या बाईने दार ठोठावलं. "साहेब, तुमचं काहीतरी वाजतंय केव्हाचं."

२४ नोव्हेंबर

बायकोला सांगितलं नाही. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

२६ नोव्हेंबर

बैठक सकाळी अकराला होती. साडेदहाला मी फोन हातात घेतला. व्यवस्थापनाचा नंबर काढला. एवढंच म्हणायचं होतं: माझं पत्र मागे घेतो, चूक माझ्या कानांची आहे. दोन वाक्यं.

मग वाटलं, कार्यक्रमाला चार दिवस राहिलेत. बहिऱ्या संगीतकाराची रचना म्हणून वर्तमानपत्रं छापतील, लोक दयेने टाळ्या वाजवतील. पुढच्या वर्षीच्या संगीत नाटकाचं बोलणं चालू आहे तेही गेलं. आणि मी खोटं कुठे लिहिलं होतं? मला सूर पोचला नव्हता हे अक्षरशः खरं होतं. शिवाय एका पत्रावर कुणी कुणाला काढत नाही. त्यांचे त्यांचे निकष असतील. सव्वाअकरा झाले. मग वाटलं, आता मध्येच फोन केला तर बैठकीत व्यत्यय.

सव्वाअकरा झाल्याचं बघून मला बरं वाटलं, हे इथे लिहिलं नाही तर वहीला काही अर्थ नाही.

दुपारी कळलं. तिचा करार एकतीस डिसेंबरला संपतोय. पुढे नाही.

बायको जेवताना समोर बसली होती. हल्ली ती माझ्याकडे तोंड करून, सावकाश बोलते. "काही होतंय का तुम्हाला?" म्हटलं, कार्यक्रमाची धाकधूक.

३० नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. लेक मुद्दाम आली होती. शेवटची दीड मिनिटं मी लोकांचे चेहरे बघत काढली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग सगळे उठून उभे राहिले. मला मंचावर बोलावलं. बदली वादकाचा हात हातात घेऊन उंचावला मी.

आयुष्यभर या टाळ्यांची वाट बघितली होती. टाळ्या मात्र स्वच्छ ऐकू आल्या.

४ डिसेंबर

वर्तमानपत्रात आलं आहे की शेवटचा बासरीचा एकट्याचा भाग ही या रचनेची सर्वांत मोठी देणगी. लेकीने कात्रण काढून फ्रीजवर लावलं. मी पाणी प्यायला गेलो की ते डोळ्यांसमोर. म्हणून हल्ली नळाचं पितो.

१२ डिसेंबर

बायकोने कानाच्या डॉक्टरची वेळ आधीच घेऊन ठेवली होती. मला विचारलं नाही, नुसता कोट पुढे धरला.

एका कपाटाएवढ्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी बटण हातात धरून बसलो होतो, आणि काचेपलीकडे डॉक्टरीणबाई कागदावर खुणा करत होत्या. आलेख दाखवला. डावीकडे खालच्या सुरांपाशी बरा, मग उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखा. वरचे सूर गेलेत, परत यायचे नाहीत. पाच-सहा वर्षांपासून हळूहळू जात असावेत. यंत्र लावून काही प्रमाणात भरून निघेल.

बाहेर आल्यावर बायकोला म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"अहो, तीनदा सांगितलं. एकदा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवलात, एकदा रागावलात, आणि एकदा म्हणालात, 'हो, चहा चालेल.'"

मला हसू आलं. तिलाही आलं. मग चालता चालता ती थांबली.

"म्हणजे ती बासरीवाली..."

"हो ना," मी म्हटलं. "आत्ता माझ्या लक्षात येतंय."

हे वाक्य इतकं सहज बाहेर पडलं! जणू तोंडात तयार करूनच ठेवलं होतं. तिने माझा हात धरला. "तुम्हाला तरी काय माहीत," म्हणाली.

११ जानेवारी

कानात यंत्रं आली. पहिले दोन दिवस नको नको झालं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रा फाटल्यासारखं.

आज वाद्यवृंदाच्या तालमीला गेलो आणि सगळ्यांसमोर उभा राहिलो. यंत्रं काढून तळहातावर दाखवली. सांगितलं, दोष त्या बाईंचा नव्हता. मला ऐकू येत नव्हतं आणि हे मला डिसेंबरात डॉक्टरांकडे कळलं.  मग मागच्या कुणीतरी व्हायोलिनच्या गजाने स्टँडवर टकटक केली, बाकीच्यांनीही केली. हा त्यांचा मान द्यायचा प्रकार. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं भरून आलंय.

नंतर संचालिकेने कॉरिडॉरमध्ये गाठलं. म्हणाली, "मला दुसऱ्याच तालमीत शंका आली होती. बदली वादकाच्या दिवशी तर खात्रीच झाली. पण व्यवस्थापनाला एक जागा कमी करायचीच होती, त्यांना तुमचं पत्र आयतं मिळालं. आणि मी बोलले नाही. कार्यक्रम तोंडावर होता."

घरी येताना मला हलकं वाटत होतं. ओझं वाटून घेणारं कुणीतरी मिळालं म्हणून. दोन चौक गेल्यावर कळलं कशामुळे हलकं वाटतंय, आणि मग बसमधून उतरून पुढचा थांबा चालत गाठला.

तिची जागा रद्द झाली आहे. आता परत घेता येणार नाही म्हणतात.

२ फेब्रुवारी

ती बासरीवादक बाई आता वाद्यदुरुस्तीच्या दुकानात काम करते, मागच्या खोलीत. पत्ता संचालिकेने दिला. टेबलावर बासऱ्यांचे सुटे भाग, गोळ्यांच्या डब्यांत तांदळाएवढे स्क्रू, कापसाचे बोळे, छोटा स्पिरिटचा दिवा. तिने मला ओळखलं आणि हातातलं काम पूर्ण करून मगच बसायला सांगितलं.

मी सगळं सांगितलं. म्हणजे वाद्यवृंदाला सांगितलं तेवढं.

ती बासरीचं भोक झाकणाऱ्या एका छोट्या गादीवर फुंकर घालत राहिली. मग बोलू लागली.

"नोकरी गेली त्याचं एक वेळ ठीक. पण मी याच दुकानात तीनदा बासरी तपासली. एक टोक बंद करून हवा भरून बघतात, कुठे गळतेय का. कुठेच गळत नव्हती. मग मला वाटायला लागलं, गळती माझ्यातच आहे. दिवसाचे सहा सहा तास वाजवलं. ओठ फाटला. नवऱ्याला शेजारच्या खोलीत उभं करायचे आणि विचारायचे, येतंय का ऐकू? तो म्हणायचा, येतंय. मला वाटायचं, माझं मन राखतोय. महिना झाला, बासरीला हात लावलेला नाही मी."

मी टेबलावर पडलेला एक स्क्रू उचलून डबीत ठेवला.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

"डिसेंबरात. डॉक्टरांकडे."

"डिसेंबरात," ती म्हणाली. मग तिने मान हलवली. "मग तुम्ही तरी काय करणार होता? ज्याला ऐकूच येत नाही त्याच्यावर रागावू कशी? राग येतो तो बाकीच्यांचा. त्यांना ऐकू येत होतं आणि ते गप्प बसले."

तिने चहा केला. मी तो घेतला. दोन कप.

तिने माफ केलं ते दुसऱ्याच कुणाला तरी. तो माणूस तिथे नव्हताच. मी त्याच्या खुर्चीत बसून त्याचा चहा पिऊन आलो.

१९ फेब्रुवारी

चार तासांवरच्या शहरात एका वाद्यवृंदाला छोटी बासरी हवी आहे. संचालिकेने तिला कळवलं, तिने मला. मी म्हटलं, मी तिथल्या निवड समितीला पत्र लिहितो, खुलासा करतो, आधीचं पत्र कुठून कानावर गेलं असेल तर. "लिहा," म्हणाली. ती पुन्हा वाजवायला लागली आहे. रोज वीसच मिनिटं, नवऱ्याला काही न विचारता.

पत्र लिहायला तीन दिवस लागले. दोन पानं झालं. बायको म्हणाली, चांगलं झालंय.

माझ्या संगीत नाटकाचं बोलणं थांबलं आहे. 'तूर्त पुढे ढकललं' म्हणतात. मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही. शिक्षा झाली की हिशेब मिटल्यासारखं वाटतं. पण ही शिक्षा कानांची आहे. सव्वीस तारखेची नाही.

२० मार्च

तिचा फोन आला. "मिळालं," म्हणाली. आवाज यंत्रातून इतका स्पष्ट आला की मी दचकलो.

मी म्हटलं, "पत्राचा उपयोग झाला म्हणायचा!"

"नाही हो." ती हसत होती. "तिथे पडद्याआडून वाजवायचं असतं. कोण वाजवतंय, कुठून आलंय, त्यांना काही दिसत नाही. चिठ्ठ्या, शिफारशी सगळं बंद पाकिटात, निकालानंतरच उघडायचं. त्यांनी नुसतं ऐकलं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण तुम्ही लिहिलं होतं ना, ते मला पाठवाल? माझ्याबद्दल काय लिहिलंत ते मला ठेवायचंय. आधीच्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे. त्याच्या शेजारी ठेवीन."

२१ मार्च

पत्राची माझ्याकडची नक्कल काढून वाचली. पहिल्या परिच्छेदात माझ्या दुखण्याचं नाव. दुसऱ्यात ते संगीतकारांना कसं होतं. तिसऱ्यात चोवीस वर्षं मी कसे कष्ट काढले. ती दुसऱ्या पानावर येते, तीही 'माझ्या या दुर्दैवात नकळत सापडलेल्या' अशी. नकळत!

फाडलं.

२३ मार्च

नवं लिहिलं. बायकोच्या हातात दिलं. ते असं आहे:

'तुमचा सूर पोचत होता. मला ऐकू येत नव्हतं. हे मला तेवीस नोव्हेंबरला तालमीत कळलं, डॉक्टरकडे नाही. सव्वीसला तुमची बैठक होती हे मला ठाऊक होतं. फोन माझ्या हातात होता. मी केला नाही. तुमच्याशी डिसेंबरबद्दल खोटं बोललो. तुम्ही माझ्यावर रागवायचं सोडून दिलंत ते या खोट्यामुळे, म्हणून तो राग तुम्हाला परत करतो.'

बायकोने दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि त्या दिवशी डॉक्टरकडून येताना, मी हात धरला तेव्हा?"

"तेव्हाही."

ती उठून आत गेली. थोड्या वेळाने तिकीट घेऊन आली, पाकिटावर चिकटवलं आणि पाकीट माझ्यापुढे ठेवलं. माझ्याशी बोलली नाही. दिवसभर नाही बोलली.

संध्याकाळी मी स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

२८ मार्च

पत्र परवाच पोचलं असणार. फोन वाजला नाही. दोन्ही दिवस कानात यंत्रं घालूनच बसलो होतो, तेव्हा वाजला नाही हे खात्रीने सांगू शकतो.